असोळणा ते फातर्पे : एका वाटेचा पुरावा

आमची वस्ती सुरतेच्या पूर्वेस, पर्वत पाटिया येथे. नावावरून परगावचा मनुष्य फसतो. येथे पर्वत नाही, टेकडीदेखील नाही. पर्वत हे शेजारच्या गावाचे नाव, आणि पाटिया म्हणजे हमरस्ता सोडून गावाकडे वळण्याचा नाका. दृष्टी पोचेल तेथवर सपाटी, कापडाची गोदामे आणि उड्डाणपूल. चढ म्हणजे काय हे आमच्या मुलांना जिन्यावरूनच ठाऊक.

गेल्या वर्षी शेजारचे एक व्यापारी कुटुंब इटलीस जाऊन आले. तेथे जेनोव्हाच्या पुढे समुद्रकाठच्या कड्यांना चिकटून पाच गावे आहेत. त्या टापूला चिंक्वे तेर्रे, म्हणजे 'पाच भूमी', असे म्हणतात. एका गावाहून दुसऱ्या गावी मुलाबाळांसह पायी जावयाचे, खाली समुद्र, वर द्राक्षांचे मळे, रात्री पुढच्या गावी मुक्काम, अशी ती सुटी. छायाचित्रे पाहून आमच्या मुलांनी तोच हट्ट धरला. वकिलाच्या घरात खर्चाचा मुद्दा आधी निघतो, तो निघाला आणि निकालातही निघाला. परंतु त्या निमित्ताने आम्ही थोडे वाचन केले, आणि एक गोष्ट मनात रुतून बसली. आज प्रवासी ज्या पायवाटा हौसेने तुडवितात त्या हौसेने पडलेल्या नाहीत. मळ्याकडे जाणे, खेचरे हाकणे यांसाठी त्या पडल्या. आणि पाचांपैकी प्रत्येक गावाचे एक देवस्थान वर डोंगरात आहे, तिकडे गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे जावे, यासाठीही पडल्या. खालचा किनारा चाच्यांच्या वाटेवरचा, वरचा डोंगर आसऱ्याचा. गाव खाली आणि त्याची देवी वर, डोंगराआड! हे वाचले आणि आम्हांस आमच्या मातुःश्रींच्या माहेरची कुळदेवता आठवली. तिचे गाव कुंकळ्ळी, आणि तिचे देऊळ फातर्प्यास.

तेव्हा दिवाळीच्या सुटीत, कापडबाजार बंद होऊन अर्धे सुरत आपापल्या मुलखास निघाले असता, आम्ही, सौभाग्यवती, आठवीतली कन्या आणि पाचवीतले चिरंजीव असे चौघे रेल्वेने मडगावास उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे बसने असोळणे गाठले. तेथून पुढे पायी.

असोळणे हे साळ नदीच्या काठचे गाव. कापणी उरकत आलेली भातशेते, नारळ, नदीच्या अंगाने खाजण आणि मध्ये पांढरे चर्च. याच भागात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा एक छोटा कोट होता. आज त्याचे काही उरलेले नाही. चर्चचे नाव 'हुतात्म्यांची राणी'. हे मरियेचे जुने बिरुद आहे, ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत ते येते. आम्ही तसे सांगितल्यावर चिरंजीवांनी विचारले, "बाबा, पण कुठले हुतात्मे?" प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर देता देता पुढची सारी वाट सरली.

साष्टी महाल पोर्तुगीजांकडे आला तो १५४३ साली. तेथील गावे म्हणजे नुसती घरांची जमवाजमव नव्हे. ज्या कुळांनी बांध घालून, खारे पाणी हटवून जमीन लागवडीस आणली, ती गावकरांची कुळे. त्यांचे गट म्हणजे वांगड. जमीन सामाईक. उत्पन्नातून आधी बांध, तळी आणि देऊळ यांचा खर्च निघे, राजाचा सारा जाई, आणि उरेल ते गावकरांत 'जोन' म्हणून वाटले जाई. हीच गावकरी. ही व्यवस्था पोर्तुगीजांस अपरिचित नव्हती. तिसवाडीच्या गावांपुरते तिचे नियम अफोन्सो मेशिया याने १५२६ साली 'फोराल' या नावाने लिहून घेऊन मान्यच केले होते. म्हणजे राज्यकर्ता बदलला तरी गावचा रिवाज बदलत नाही, हे तत्त्व सरकारी कागदावर आले होते. कायद्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. पुढे जे झाले ते रानटी जमात आणि सुसंस्कृत सत्ता यांचे भांडण नव्हे. एका मान्य रिवाजाचा भंग त्यात आहे.

१५६७ च्या सुमारास राशोलच्या कप्तानाने साष्टीतील देवळे सरसकट पाडली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्याकडे वळविण्यात आले. असोळणा, वेळ्ळी, आंबेली, वेरोडे आणि कुंकळ्ळी ही पाच गावे मात्र वाकेनात. पाडलेले देऊळ ती पुन्हा उभारीत आणि सारा देण्यास नकार देत. पुन्हा फौज येई, पुन्हा जाळपोळ होई.

अशा वेळी साष्टीच्या जेझुइट मंडळींचा प्रमुख म्हणून रुदोल्फ आक्वाविवा आला. या गृहस्थाचा आमच्या सुरतेशी संबंध आहे, आणि तो येथे फारसा कोणास ठाऊक नाही. आक्वाविवा इटलीतील आत्री येथल्या सरदार घराण्यातला, जन्म १५५० चा. अकबराने गोव्याहून विद्वान पाद्री मागविले तेव्हा गेलेल्या पहिल्या मंडळीचा तो पुढारी. १५७९ च्या नोव्हेंबरात गोवा सोडून ते दमणमार्गे सुरतेस आले आणि तेथून जमिनीच्या वाटेने निघून १५८० च्या फेब्रुवारीत फतेपूर सिक्रीस पोचले. सुरत जिंकून अकबरास तेव्हा सातच वर्षे झाली होती. तापीकाठचा जो किल्ला मुलांना दाखवावयास आम्ही नेतो, तो त्या पाद्र्यांनीही पाहिला असला पाहिजे. बादशहाच्या दरबारी मुल्लांशी आणि पंडितांशी वाद करण्यात तीन वर्षे घालविलेला हा मनुष्य १५८३ साली परत येतो आणि दोन-तीन महिन्यांच्या आत कुंकळ्ळीस चर्चसाठी जागा पाहावयास जातो.

तो दिवस १५ जुलै १५८३, नव्या पंचांगाप्रमाणे २५ जुलै. आक्वाविवा, त्याचे चार जेझुइट सोबती आणि बरोबरचे पोर्तुगीज व नवख्रिस्ती लोक यांवर गावाने हल्ला केला. पाचही जेझुइट मारले गेले, आणि नवख्रिस्तीही. त्यांत कोवळ्या वयाची मुले होती. आधीच्या मोहिमांत यांतील काहींनी देवळे भ्रष्ट करण्यात प्रत्यक्ष भाग घेतला होता, हे खरे. आक्वाविवा स्वतः नुकताच आला होता, हेही खरे. बंदूक उचलू पाहणाऱ्या पोर्तुगीजास पाशेकू या पाद्र्याने आवरले, असे जेझुइटांच्या वृत्तांतात आहे. हा भाग गाळून कथा सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. आम्ही मुलांना तो गाळून सांगितला नाही. कन्येने मध्येच, "मग आपले लोक वाईट का?" असे विचारले, तेव्हा सौभाग्यवतींनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले तिच्यात 'आता द्या उत्तर' एवढेच होते.

उत्तर आम्ही पुढच्या घटनेने दिले. पोर्तुगीजांनी तडजोडीच्या बोलण्यासाठी गावोगावच्या नायकांना असोळण्याच्या कोटात बोलाविले. परंपरा सोळा नायक सांगते. ते विश्वासाने आत गेले. दारे लावून त्यांची कत्तल झाली. एकटा साळ नदीत उडी टाकून निसटला. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, बचाव नाही. गावाच्या जमिनी जप्त झाल्या आणि असोळणा, वेळ्ळी व आंबेलीच्या जमिनी कालांतराने जेझुइटांकडेच आल्या. १७५९ साली पोर्तुगालने जेझुइटांनाच हद्दपार केले, हा काळाचा एक शेरा. पाद्र्यांना १८९३ साली पोपने धन्य हुतात्मे म्हणून घोषित केले. त्यांची पत्रे, चरित्रे, चित्रे युरोपात छापली गेली. नायकांच्या बाजूने मात्र एकही कागद नाही. आम्ही न्यायालयात असतो तर 'एकतर्फी पुरावा' म्हणून हरकत घेतली असती.

परंतु दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे, आणि त्या सकाळी आम्ही त्याच्यावरूनच चालत होतो.

कुंकळ्ळीस पोचलो तेव्हा ऊन चढले होते. एका लहानशा हॉटेलात चहा आणि पाव-भाजी घेतली. शेजारच्या बाकावरच्या वृद्ध गृहस्थांनी गळ्यातला क्रूस सावरीत पुसले, "खंयच्यान आयल्यात?" सुरत म्हणताच त्यांना नवल वाटले. फातर्प्यास पायी निघालो आहोत असे सांगितल्यावर ते म्हणाले, "आतां कित्याक? फाल्गुनांत येयात, सत्र्यो पळोवपाक. आमचोय वांगड आसता."

'आमचोय' हा शब्द आम्ही वहीत टिपून घेतला. देवळे पाडली जात असता कुंकळ्ळीकरांनी शांतादुर्गेला फातर्प्यास नेले. फातर्पे बाळ्ळी महालात, साष्टीच्या सीमेपलीकडे, त्या काळी विजापूरच्या मुलखात. म्हणजे ही चार-पाच मैलांची वाट दोन राज्यांमधली होती. देवी सीमा ओलांडून गेली, पण नाव घेऊन गेली. फातर्प्यास आज शांतादुर्गेची दोन देवालये आहेत, एक फातर्पेकरीण आणि दुसरी कुंकळ्ळीकरीण. चार शतके दुसऱ्या गावी राहूनही पत्ता जुनाच! दरवर्षी फाल्गुन पंचमीच्या सुमारास तिची पालखी फातर्प्याहून कुंकळ्ळीस, मूळ जागी येते. तिच्याबरोबर बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या चालतात, गुलाल उधळतो, आणि देवी पुन्हा फातर्प्यास परतते. हाच छत्र्यांचा उत्सव. त्या बारा वांगडांतील काही कुळे पुढे ख्रिस्ती झाली. मान मात्र त्यांनी सोडला नाही, आणि हिंदू कुळांनी तो काढून घेतला नाही.

वहिवाटीच्या हक्कासाठी १८८२ चा इझमेंट कायदा वीस वर्षांचा वापर मागतो. तो शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड झालेला असावा लागतो. साष्टीत हिंदूंच्या जाहीर उत्सवांना दीर्घकाळ मनाई होती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर धर्माच्या बाबतीत कायद्याने समता मिळाली. तेव्हा 'अखंड' ही अट ही वाट पुरी करणार नाही, आणि प्रतिपक्षाचा वकील पहिल्याच दिवशी तेवढे दाखवून मोकळा होईल. आमचे म्हणणे त्याहून थोडे निराळे आहे. ज्या काळात पालखी उघडपणे येऊ शकली नसेल त्या काळातही कुठली छत्री कुणाची, हे बारा कुळांना ठाऊक राहिले. जमीन गेली, देऊळ गेले, काहींचा धर्मही बदलला. फक्त क्रम राहिला. हा पुरावा कोणत्या कलमाखाली दाखल करावा हे आम्हांस सांगता येत नाही, पण तो नाकारावा असेही वाटत नाही.

कुंकळ्ळीच्या मुख्य चर्चचे नाव आरोग्यमातेचे. इटलीतल्या त्या पाच गावांपैकी मानारोलाच्या वर व्होलास्त्रा म्हणून वाडी आहे, तेथले डोंगरातले देवस्थानही याच नावाचे. गावात पाद्र्यांचे स्मारक आहे आणि मारल्या गेलेल्या नायकांचेही अलीकडे उभारलेले स्मारक आहे. आम्ही दोन्हीकडे गेलो. चिरंजीवांनी दोन्ही ठिकाणी चपला काढल्या, कोणी सांगितले नव्हते.

पुढचा रस्ता झाडीतला, चढउताराचा. सपाटीवरची आमची मुले पहिल्या चढावरच बसली. तिसऱ्या वळणावर सौभाग्यवतींनी पिशवीतून सुरतेची घारी काढली, तेव्हा उठली. फातर्प्यास पोचलो तो दुपारची आरती संपत आली होती. देवीला ओटी भरली. सकाळपासून तिच्याच परतीच्या वाटेने आलो होतो, हे कन्येने आजीला दूरध्वनीवर मोठ्या अभिमानाने सांगितले.

दुसरा दिवस केवळ सहलीचा. बेतूल हे साळेच्या मुखावरचे कोळ्यांचे गाव. शिवछत्रपतींनी १६७९ साली येथे किल्ला बांधविला. सुरतेच्या मराठी मुलांना शिवाजी महाराज म्हणजे १६६४ आणि १६७० एवढेच ठाऊक असते, आणि गुजराती सवंगड्यांपुढे त्यांस जरा जपून बोलावे लागते. येथे ते मोकळेपणाने बोलले. बेतूलहून जांभ्या दगडाच्या पठारावर चढून, काणागिणीच्या उताराने उतरून, पुन्हा चढून आम्ही संध्याकाळी काब द रामला पोचलो. सोंदेकरांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७६३ साली घेतला. त्याच सुमारास पुढेमागे फातर्प्याचा मुलूखही त्यांच्या हाती गेला. पण या नव्या काबिजादीत लोकांचा धर्म आणि रिवाज यांस हात लावणार नाही, असे त्यांनी कबूल केले होते. दोनशे वर्षांपूर्वी साष्टीत जे केले ते येथे केले नाही. म्हणून देवीला तिसऱ्यांदा घर शोधावे लागले नाही.

तटावर बसून मुलांनी समुद्र पाहिला. इटलीचा विषय निघाला नाही. कन्येने मात्र फाल्गुन पंचमी पुढच्या वर्षी कोणत्या तारखेस येते ते विचारले. घरी येऊन पंचांग काढले, तर ती नेमकी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेचे वेळापत्रक अजून लागावयाचे आहे. तिने कुंकळ्ळीच्या रस्त्याचा नकाशा अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवला आहे, आणि सौभाग्यवतींनी त्याला अद्याप हरकत घेतलेली नाही.