आधी वही, मग मशीन

मागच्या आठवड्यात गावातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. पंधराएक बायका. मिरची-मसाला कांडपाचा उद्योग काढायचाय. अध्यक्ष असलेल्या ताई थेट म्हणाल्या, "दादा, पेपरात बातमी द्या. कुणी देणगी दिली की मशीन घेऊन टाकू."

"बघतो" म्हणून उठलो. परत येताना रस्त्यात ती बंद शेड दिसली. काही वर्षांपूर्वी तिथल्या उद्घाटनाची बातमी मीच केली होती. फीत, नारळ, हार, पुढाऱ्यांचा फोटो. मशीन अनुदानातून आलं होतं. माल कुणाला विकायचा, हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं. वर्षभरात कुलूप लागलं. कुलपाची बातमी मी केली नाही. ती चूक डोक्यात आहे, म्हणून आज हा जुना इतिहास लिहितोय.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची. सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. त्यात जसवंतीबेन पोपट होत्या, पुढे २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भांडवल ८० रुपये, तेही उसने, छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून घेतलेले. पहिल्या दिवशी तयार झाली चार पाकिटं. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. हेच पुढचं 'लिज्जत'.

८० रुपयांची ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. आधी त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबापांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी खाट आणली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी! मोठी मशिनरी नाही, अडचण होती तेवढाच खर्च. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

आता सरकारी पैसा कधी आला बघा. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. खेळतं भांडवल म्हणून आयोगाचे ८ लाख आले ते त्यानंतर. म्हणजे सात वर्षं आधी माल, गिऱ्हाईक आणि वही तयार झाली. मग मोठा पैसा आला, आणि तो पचला.

दुसरी गोष्ट आपल्या सातारा जिल्ह्यातली. माण तालुका, म्हसवड. पावसाचं नाव काढू नका असा मुलूख. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई रोजचे दहा रुपये बाजूला टाकू बघत होती. बँकेनं खातं उघडलं नाही, रक्कम फारच छोटी म्हणून. चेतना गाला सिन्हा यांनी ठरवलं, मग बायकांचीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे प्रस्ताव गेला आणि परत आला, कारण सभासद बायकांचे अंगठे होते. बायका रडत बसल्या नाहीत, लिहावाचायला शिकायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांनाच म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुम्हीही कॅल्क्युलेटर न घेता काढा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

देणगी वाईट असं माझं म्हणणं नाही. माणदेशी फाउंडेशनच्या प्रशिक्षणासारख्या कामाला बाहेरच्या देणग्या येतातच. बँक मात्र सभासदांच्या भागभांडवलावर आणि ठेवींवर चालते. शिकवायला देणगी चालेल, पण रोजचा धंदा देणगीवर उभा केला तर देणगी संपली की धंदाही संपतो. शिवाय फुकट आलेल्या मशीनवर नाव दुसऱ्याचं लागतं. ते बंद पडलं तर आपला जीव तेवढा तुटत नाही. स्वतःचे शंभर रुपये अडकले की माणूस पहाटे चारला उठून बघतो.

काल त्या ताईंकडे परत गेलो. म्हटलं, बातमी नंतर करू. आधी तीन महिने गावातल्याच गिरणीतून भाड्यानं कांडून घ्या. किती किलो विकलं, कुणी उधार नेलं, कुणी परत मागितलं, सगळं वहीत मांडा. ती वही घेऊन बँकेत कर्ज मागायला मी स्वतः तुमच्यासोबत येतो. ताई जरा नाराज झाल्या. पण एक तरुण वहिनी मागून म्हणाली, "शंभर पानी घेऊ का दोनशे पानी?"

त्या बंद शेडचीही बातमी आता करतोय. उशीर झालाय, तरी करतोय. तुमच्या गावात अशी कुलूपबंद शेड असेल तर खाली सांगा. आणि एखादा गट वहीच्या जोरावर उभा राहिला असेल तर तेही जरूर सांगा.