हिंगोलीची छावणी आणि दोन युद्धपट : ‘झाँसी की रानी’ व ‘हकीकत’ यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार

प्रस्तावना

अभिजात युद्धपटांमध्ये आवडता कोणता, हा प्रश्न सामान्यतः रुचीचा मानला जातो. अभिनय, छायाचित्रण, संगीत यांच्या आधारे त्याचे उत्तर दिले जाते व चर्चा तेथेच थांबते. तथापि युद्धपट पाहताना प्रेक्षक आपली बाजू अगोदरच ठरवून बसलेला असतो आणि त्याची आवड बव्हंशी त्या बाजूनेच घडते. ही बाजू ठरते कशी, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे. हिंगोलीसारख्या जुन्या छावणीच्या गावी तो विशेष अवघड होतो. प्रस्तुत लेखात सोहराब मोदी यांचा ‘झाँसी की रानी’ (१९५३) आणि चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) या दोन चित्रपटांचा या अंगाने विचार केला आहे.

मराठी परंपरेतील स्वाभाविक निवड

मराठी प्रेक्षकाला युद्धपट म्हटले की प्रथम शिवकाल आठवतो, आणि त्यात वावगे काही नाही. बाबुराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३), व्ही. शांताराम यांचा ‘उदयकाल’ (१९३०), भालजी पेंढारकर यांचा ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) अशी ही समृद्ध परंपरा आहे. ‘उदयकाल’चे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. ब्रिटिश सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. युद्धपटाकडे सत्ताधारी किती संशयाने पाहत होते, याची कल्पना एवढ्यावरून येते. या परंपरेत प्रेक्षकाची बाजू निःसंदिग्ध असते. गड आपला, शत्रू परका आणि मरण सार्थ. मराठवाड्याच्या एकोणिसाव्या शतकातील लष्करी इतिहासाला मात्र ही चौकट लागू पडत नाही.

छावणीचा इतिहास

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. कयाधू नदीकाठचे हे गाव निजामाच्या राज्यात वऱ्हाडच्या सीमेलगत असल्याने त्याला लष्करी महत्त्व होते. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही येथील वस्त्यांची नावे त्या काळाची साक्ष देतात. येथे पायदळ कोठे राहत होते, घोडदळ कोठे होते आणि निवृत्त शिपाई कोठे स्थायिक झाले, हे सांगण्यास निराळ्या नकाशाची गरज नाही.

ही छावणी हैदराबाद कंटिंजंटची होती. १८११ ते १८२० या काळात हैदराबादेस रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी ‘रसेल ब्रिगेड’ उभारली, तिच्यातून व निजामाच्या इतर पलटणींतून ही फौज आकाराला आली. पगार निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, असा हा विलक्षण व्यवहार होता. त्याच्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहान्वये निजामाला वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. फौजेच्या खर्चापायी प्रांत गेला आणि फौजही आपली राहिली नाही. दरबारी राजकारणाचे इतके महागडे उदाहरण क्वचितच सापडेल. हिंगोलीखेरीज औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद (अंबाजोगाई), एलिचपूर (अचलपूर) व बोलारम येथेही कंटिंजंटची ठाणी होती.

‘झाँसी की रानी’ : कोणाच्या बाजूने?

‘झाँसी की रानी’ हा भारतातील पहिला टेक्निकलर चित्रपट. मिनर्व्हा मुव्हीटोनने त्यासाठी अर्नेस्ट हॅलर या अमेरिकन छायाचित्रकारास पाचारण केले होते. मेहताब यांनी राणीची, तर स्वतः मोदी यांनी राजगुरूंची भूमिका केली. प्रचंड खर्च होऊनही चित्रपट व्यवसायात अपयशी ठरला. भव्यता व संवादांची धार हे त्याचे गुण, तर भाषणबाजी हा त्याचा दोष होय.

येथे महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. १८५८ मध्ये सर ह्यू रोझ याच्या नेतृत्वाखाली ज्या मध्य भारत क्षेत्रीय सैन्याने झाशीला वेढा घातला, तात्या टोपे यांच्या फौजेचा बेतवाकाठी पराभव केला आणि पुढे काल्पी घेतली, त्या सैन्यात हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ व पायदळ मोठ्या संख्येने होते. म्हणजे पडद्यावर राणी ज्यांच्याशी झुंजते, त्यांत आपल्याच मुलखातील छावण्यांची फौज आहे. टाळ्या राणीसाठी पडतात आणि त्या योग्यच आहेत. परंतु तटाबाहेरचा देशी शिपाई कोण व तो तेथे कसा आला, याकडे चित्रपट वळत नाही. १९५३ साली, स्वातंत्र्याला जेमतेम सहा वर्षे झालेली असताना, दिग्दर्शकाकडून तशी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचेही ठरेल.

या शिपायाला केवळ फितूर ठरवून विषय संपवता येत नाही. जून १८५७ मध्ये याच कंटिंजंटच्या औरंगाबाद येथील पहिल्या घोडदळाने बंड केले. आपणास राज्याच्या सीमेबाहेर आपल्याच लोकांविरुद्ध नेले जाणार, ही त्यामागची प्रमुख भीती होती. जनरल वुडबर्नच्या फौजेने बंड मोडले व कित्येकांना देहदंड दिला. एकाच फौजेतील काही शिपाई या कारणासाठी फासावर आणि तोफेच्या तोंडी गेले, तर काही वर्षभरात झाशीच्या तटाखाली उभे राहिले. या दुभंगावर एखादा थोर युद्धपट होऊ शकला असता. ‘झाँसी की रानी’ तो नव्हे. त्यामुळे राणीविषयी आदर राखूनही या चित्रपटास प्रथम क्रमांक देता येत नाही.

कंटिंजंट ते कुमाऊँ

१९०२ च्या करारानंतर हैदराबाद कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि १९०३ मध्ये तिच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात समाविष्ट झाल्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ झाली व १९४५ मध्ये तिला कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे लढताना धारातीर्थी पडून पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर सोमनाथ शर्मा हे चौथ्या कुमाऊँचे. या पलटणीचे मूळ एलिचपूरच्या सलाबत खानाने उभारलेल्या फौजेत सापडते.

वंशावळीचा हा धागा किती ताणावा, याचे भान मात्र ठेवले पाहिजे. मधल्या काळात भरतीचे स्वरूप पूर्णपणे बदलले होते. दख्खनी शिपायांच्या जागी कुमाऊँनी, जाट व अहीर आले होते. चुशूलजवळील रेझांग ला येथे लढलेली १३ वी कुमाऊँ तर १९४८ मध्ये उभारलेली पलटण. तिची तेथील चार्ली कंपनी प्रामुख्याने हरियाणाच्या अहीर जवानांची होती. म्हणून रेझांग लाचे शौर्य हिंगोलीच्या खात्यावर मांडणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. नाते आहे ते संस्थेचे. कुमाऊँच्या बोधचिन्हातील सिंह रसेल घराण्याच्या कुलचिन्हावरून घेतलेला आहे, इतकेच ते आहे; पण तेही थोडके नव्हे.

‘हकीकत’ : पराभवाचा चित्रपट

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखालील सुमारे १२० जवानांनी सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर चिनी हल्ल्याला तोंड दिले. मध्ये आलेल्या डोंगरामुळे त्यांना तोफखान्याचे साह्य मिळू शकले नाही. ११४ जवान मारले गेले. हिवाळा सरत आल्यावर, फेब्रुवारी १९६३ मध्ये, त्यांचे गोठलेले मृतदेह मोर्चांमध्येच सापडले. शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

‘हकीकत’ या लढाईवर आधारित आहे असे सर्रास लिहिले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. रेझांग लाच्या जवानांनी जागा सोडली नाही. चित्रपटातील तुकडी मात्र माघार घेत जाते. प्रेरणा तेथील, कथा निराळी, असे म्हणणे अधिक योग्य. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद व प्रिया राजवंश यांच्या भूमिका असलेला हा कृष्णधवल चित्रपट लडाखमध्ये चित्रित झाला. त्याची गीते कैफी आझमी यांची व संगीत मदनमोहन यांचे. त्यातील प्रेमकथा आज कृत्रिम वाटते, चिनी सैनिकांचे चित्रण एकसुरी आहे आणि काही प्रसंगांत प्रचाराचा सूर स्पष्ट ऐकू येतो. हे सर्व मान्य करूनही त्याचे महत्त्व कमी होत नाही.

याचे कारण असे की, पराभवास दोन वर्षे होतात न होतात तोच या चित्रपटाने तो पराभव लोकांसमोर मांडला. या युद्धाची लष्करी चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. शासनाने तो प्रसिद्ध केला नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग खुला केला, तोवर तो सामान्य वाचकाच्या हाती आलाच नव्हता. अपुरी साधने, थंडी आणि ‘आपण प्रथम गोळी झाडू नये’ या आदेशात अडकलेला जवान सर्वसामान्य भारतीयाने पाहिला तो पडद्यावर. एकाच गीतात चार गायकांच्या आवाजांत जवानांना घराची आठवण येते, तेथे शत्रू कोण हा प्रश्न क्षणभर मागे पडतो. उरतो तो हुकूम पाळणारा, पण हुकूम देणाऱ्यापासून फार दूर असलेला माणूस. १८५८ च्या कंटिंजंट शिपायाकडे ज्या सहानुभूतीने पाहणे ‘झाँसी की रानी’ला जमले नाही, ती येथे आहे. म्हणूनच हिंगोलीच्या दृष्टीने विचार करता ‘हकीकत’ची निवड अधिक योग्य वाटते.

१९६४ सालीच भालजींचा ‘मराठा तितुका मेळवावा’ प्रदर्शित झाला. एक चित्रपट विजयाच्या स्मृतीचा, दुसरा ताज्या जखमेचा. इतिहासाच्या वर्गात हे दोन्ही एकाच सत्रात दाखवणे उपयुक्त ठरेल. २०२५ मध्ये रेझांग लावरच बेतलेला ‘१२० बहादूर’ प्रदर्शित झाल्याने त्या लढाईच्या तपशिलाचे ओझे आता ‘हकीकत’वर राहिलेले नाही. त्याच्याकडे १९६२ नंतरच्या मनःस्थितीचे साधन म्हणून पाहता येते. हिंगोलीतील विद्यार्थ्यांना तो दाखवण्यापूर्वी पलटण व रिसाला या वस्त्यांतून त्यांना एकदा फिरवून आणावे, आणि ‘झाँसी की रानी’ त्याआधी दाखवावा, नंतर नव्हे.