पाण्याची वाट अरुंद झाली तेव्हा

तापलेला तवा नळाखाली धरला की चर्र आवाज होतो आणि तवा निवतो. मग गणकयंत्राची तापलेली चिप निववायची, तर तिच्याजवळून पाणी खेळवले की झाले, असे आपल्याला वाटेल. पण हिशेब इतका सोपा नाही.

१९८० साली आयबीएम कंपनीने ३०८१ हे मोठे गणकयंत्र जाहीर केले. त्याच्या एकेका पेटीत शंभराहून अधिक चिप्स बसवलेल्या, आणि उष्णता सुमारे ३०० वॅट. पाणी नि वीज यांचे वैर आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून पाणी चिप्सपासून दूर ठेवले. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या, पेटीत हेलियम वायू, आणि पाणी वाहते ते झाकणावरच्या थंड पाटातून. युक्ती नामी खरी. पण पाण्यापर्यंत पोचायला उष्णतेला वाटेत बरेच मुक्काम करावे लागत.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फॅबियन पीझ यांनी दुखण्याचे मूळ शोधले. नळीतले पाणी मध्यभागी धावते, पण भिंतीला लागलेला थर जवळजवळ उभाच असतो. उष्णतेला तो थर पार करावा लागतो, जणू चिपने घोंगडी पांघरली आहे! मग उपाय काय? नळी मोठी करायची? छे, उलट अरुंद करायची! वाट अरुंद झाली की घोंगडीही पातळ होते. त्यांनी सिलिकॉनच्या पाठीवर सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीच्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या, खोल चरी कोरल्या. एक चौरस सेंटिमीटर जागेतून ७९० वॅट उष्णता पाण्याने वाहून नेली, आणि तापमान आत येणाऱ्या पाण्याहून ७१ अंशांनीच वाढले. घरची हजार वॅटची इस्त्री एवढीच उष्णता तळहाताहून मोठ्या तळातून टाकते. इथे ती नखाएवढ्या जागेतून गेली!

बरे, यात फुकट काहीच मिळत नाही. चर निम्मी अरुंद केली आणि पाण्याचा वेग तोच ठेवला, तर दाब चौपट लागतो. शिवाय बारीक वाटेत कचऱ्याचा कण अडकला की वाहणे खुंटते. म्हणून आजच्या तांब्याच्या ठोकळ्यात पातळ पाकळ्या कापतात, पाणी मधल्या फटीतून सोडतात आणि दोन्ही बाजूंना वाटून देतात. वाट निम्मी झाली की पंपाचे ओझे हलके होते.

गंमत पाहा! १९९० नंतर कमी वीज खाणाऱ्या चिप्स आल्या, तेव्हा मोठ्या गणकयंत्रांतून पाणी निघून गेले. पण चिप्स पुन्हा तापू लागल्या, आणि २००८ साली आयबीएमने पॉवर ५७५ या यंत्रात ते परत आणले. आपल्या पुण्यात, आयसर संस्थेत, २०१९ मध्ये परम ब्रह्म हे महासंगणक उभे राहिले, तेही द्रवाने निववले जाते.

तात्पर्य काय? पाणी किती ओतले यापेक्षा ते उष्णतेच्या किती जवळून गेले, याला मोल आहे. पाटाचे पाणी लावणारा शेतकरीही हेच सांगेल: पाणी मुळाशी पोचले पाहिजे.