पळायचं एकाने, पावत्या सगळ्यांच्या

तर मंडळी, येत्या जानेवारीत मी मुंबईला हाफ मॅरेथॉन पळणार आहे. २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. (ते शेवटचे ९७ मीटर कोणाच्या डोक्यातून आले देव जाणे!) सराव वीकांताला, मलकापूरला गेलो की हायवेच्या सर्व्हिस रोडवर पहाटे पाचला. माझी आत्ती तीन वर्षांपूर्वी ल्युकेमियाने गेली. तिच्या नावाने पळायचं, ओळखीच्यांकडून पैसे गोळा करायचे आणि ते कॅन्सर पेशंटांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचे, असा बेत आहे.

आमच्या आण्णांना हा बेत मुळीच पसंत नाही. पळण्याला त्यांची हरकत नाही, मागण्याला आहे. "तिच्या नावानं काय द्यायचं ते आपण घरातनं देऊ. लोकांपुढं हात कशाला पसरायचा?"

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आपल्याकडे आठवण ही घरची बाब असते. गेलेल्या माणसाच्या नावाने शाळेला पंखा द्यायचा, देवळाला पायरी बांधायची, स्टीलच्या ताटांवर 'स्मरणार्थ' कोरून भावकीत वाटायची. खर्च आपला, नाव आपल्या माणसाचं. त्यात दुसऱ्याचे दहा रुपये आले की आण्णांच्या पिढीला कमीपणा वाटतो. मला मात्र उत्तर सुचेना, म्हणून जरा जुनं वाचायला घेतलं आणि सुरुवात चक्क शेजारच्या गावापासून झाली.

गोळेश्वर. खाशाबा जाधवांचं गाव. २३ जुलै १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. पण पैशाची बाजू पुन्हा वाचण्यासारखी आहे. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही, तेव्हा गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती काय उगाच नाही! त्या पदकात कितीतरी घरांचे पैसे होते. खाशाबांनी हात पसरला असं आमच्याकडे आजवर कोणी म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात, "आपण त्यांना पाठवलं."

आता थोडं मागे जाऊ, १९१९ च्या पुण्यात. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना अध्यक्ष म्हणून आले होते सर दोराबजी टाटा, जमशेटजींचे थोरले चिरंजीव. अनवाणी पळणारी खेड्यातली पोरं पाहून ते थक्क झाले आणि ऑलिंपिकला संघ पाठवायचं त्यांनी मनावर घेतलं. काही पैसे वर्गणीतून आले, बराचसा भार दोराबजींनी स्वतः उचलला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला आपले दोघे उभे होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही, पण चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. भारतातल्या मॅरेथॉनची गोष्ट इथून सुरू होते.

पण मला जास्त लागली ती दोराबजींची पुढची गोष्ट. त्यांच्या पत्नी मेहरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि बक्षिसं जिंकायच्या. त्यांच्याकडे ज्युबिली नावाचा हिरा होता, २४५ कॅरेटचा, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९३१ मध्ये मेहरबाई गेल्या. आजार? ल्युकेमिया.

इथे मी वाचता वाचता थांबलो. एवढी श्रीमंती, पण विकत घ्यायला औषधच नव्हतं! ल्युकेमियावर थोडाफार चालणारं पहिलं औषध यायला १९४७-४८ उजाडलं. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, मुख्यतः ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. त्याच वर्षी जूनमध्ये, इंग्लंडमधल्या तिच्या कबरीकडे जात असताना वाटेत जर्मनीत ते वारले. तो हिरा पुढे विकला गेला आणि पैसे त्यांच्या ट्रस्टकडे गेले. १९४१ मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उघडलं. आमच्या भागात कॅन्सर झाला की अजूनही "टाटाला नेलं" म्हणतात. आत्तीलाही टाटालाच नेलं होतं.

म्हणजे मॅरेथॉनला पैसे देणारा आणि ल्युकेमियाने गेलेल्या माणसासाठी पैसे ठेवणारा माणूस एकच. पण या दोन गोष्टी त्याच्या हयातीत कधी एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत. त्या जोडल्या गेल्या न्यूयॉर्कमध्ये.

डी व्हिलियर्स नावाच्या एका जोडप्याचा सोळा वर्षांचा मुलगा १९४४ मध्ये ल्युकेमियाने गेला. १९४९ मध्ये त्यांनी त्याच्या नावाने एक छोटी संस्था काढली. पुढे ती ल्युकेमिया सोसायटी म्हणून वाढली. १९८८ मध्ये ब्रूस क्लेलंड नावाच्या गृहस्थाने, ज्याची मुलगी या आजारातून वाचली होती, ३८ जणांना जमवून न्यूयॉर्क मॅरेथॉन पळायचं ठरवलं. प्रत्येकाने ओळखीच्यांना गाठलं. जमले ३,२२,००० डॉलर! पुढे हाच प्रकार जगभर पसरला. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि आता दरवर्षी कितीतरी लोक तिथे छातीवर कोणाचा तरी फोटो लावून पळतात.

आता माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. १९५२ मध्ये लोकांनी पैसे दिले म्हणून एक जण खेळायला गेला. आता एक जण पळतो म्हणून लोक पैसे देतात. गाडी उलट्या दिशेने चालली आहे, पण रस्ता तोच. आणि दोराबजींच्या गोष्टीतून मला कळलं ते असं, की काही आजार एका घराच्या पैशाने हटत नाहीत, मग ते घर टाटांचं का असेना. तिथे खूप घरांचे थोडे थोडे पैसे खूप वर्षं लागतात. त्याला हात पसरणं म्हणत नाहीत, वर्गणी म्हणतात. वर्गणी तर आपल्याला चांगली माहीत आहे, गणपतीपासून यात्रेपर्यंत :)

अजून एक. घरातून पैसे दिले असते तर काम एका चेकमध्ये संपलं असतं. मागायला लागल्यापासून प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो, "कोण होत्या रे त्या?" मग सांगावं लागतं, की ती प्राथमिक शाळेत बाई होती, पोरांच्या दप्तरात गुपचूप भाकरी घालायची, हिशेबात पक्की होती आणि गाताना बेसूर. आजवर ६३ जणांना सांगून झालं. त्यातले साठजण तिला कधीच भेटले नव्हते.