जहाजातून समुद्राचा प्रवाह कसा मोजतात? एडीसीपी आणि एका अंशाची चूक

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत उभं राहून मॅप उघडला की माझा निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण तोंड भलतीकडेच! फोन आठच्या आकड्यासारखा फिरवला की सुधारतो. जागा कळणं वेगळं, दिशा कळणं वेगळं. ध्रुवीय समुद्रात प्रवाह मोजणाऱ्या जहाजांची खरी डोकेदुखी हीच आहे.

भारताच्या ध्रुवीय मोहिमांचं काम गोव्यातून चालतं, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. आपली पहिली दक्षिण महासागर मोहीम २००४ मध्ये 'सागर कन्या' जहाजावरून झाली.

प्रवाह मोजायचं यंत्र म्हणजे अकूस्टिक डॉपलर करंट प्रोफायलर, थोडक्यात एडीसीपी. ते जहाजाच्या तळाला असतं आणि सहसा चार दिशांना तिरका आवाज सोडतं. पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जिवांवर आणि कणांवर आपटून तो परत येतो. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर, म्हणजे एका सेकंदाने आलेला प्रतिध्वनी ७५० मीटरवरचा. उशिरावरून अंतर कळतं, आणि बदललेल्या फ्रिक्वेन्सीवरून वेग. अॅम्ब्युलन्स जवळून गेली की सायरनचा सूर उतरतो ना, तेच. फक्त इथला फरक फार बारीक: ७५ किलोहर्ट्झच्या आवाजात, सेकंदाला १० सेंटीमीटर वेगासाठी जेमतेम १० हर्ट्झ.

पण जहाजही पळतंय. १० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मीटर. हा वेग जीपीएसवरून घेऊन वजा करायचा, आणि त्यासाठी जहाजाचं तोंड नेमकं कुठे आहे ते कळायला हवं. तिथे एकच अंश चुकला तर सेकंदाला ९ सेंटीमीटरचा खोटा आडवा प्रवाह तयार होतो.

९ सेंटीमीटर किरकोळ वाटतात? अंटार्क्टिकाभोवती फिरणारा प्रवाह सेकंदाला १३ कोटी घनमीटरपेक्षा जास्त पाणी पूर्वेकडे नेतो. दक्षिणेकडे जाणारं जहाज तो आडवा कापतं. १००० किलोमीटर लांब, ५०० मीटर खोल पट्ट्यात ही चूक कायम राहिली, तर हिशेबात साडेचार कोटी घनमीटर पाणी फुकटचं वाढतं किंवा गायब होतं. (गुणाकार करून बघा.)

त्यात गायरो कंपास पृथ्वीच्या फिरण्यावर चालतो. त्याला लागणारा जोर ६० अंश अक्षांशावर विषुववृत्ताच्या निम्मा राहतो, ध्रुवावर शून्य. चुंबकीय होकायंत्रही चुंबकीय ध्रुवाजवळ बिनभरवशाचं. म्हणून जहाजावर दोन किंवा जास्त जीपीएस अँटेना लांब-लांब लावून दिशा काढतात. बर्फ फोडताना तळाखाली बुडबुडे आणि तुकडे येतात, तेव्हाचा डेटा मात्र बहुतेक टाकूनच द्यावा लागतो.

तपासणीची पद्धत मला फार आवडली. उथळ पाण्यात एडीसीपीने समुद्राचा तळच मोजायचा. तळ तर हलत नाही, मग तो सरकताना दिसला तर तेवढी चूक आपली. खोल पाण्यात जहाज त्याच वाटेने उलटं आणायचं. प्रवाहानेही जहाजाबरोबर तोंड फिरवलं, तर तो प्रवाह नव्हताच.