धूसर फोटोची गोष्ट

आपल्या बीडच्या कंकालेश्वर मंदिरापाशी कॅमेरा काढला, की मला कलकत्त्यात जन्मलेली ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन आठवते. 1860च्या दशकात इंग्लंडमध्ये तिच्या धूसर फोटोंना जाणकार चूक म्हणाले. 1896मध्ये मात्र चित्रकार बर्गहाइमच्या सांगण्यावरून डॉलमायरने मुद्दाम तशी लेन्स बनवली. म्हणजे 'चूक' विकत मिळू लागली! या लेन्समध्ये कडेचे आणि मधले किरण एका जागी जुळत नाहीत. म्हणून चेहरा कळतो, पण भोवती झळाळी पसरते. फोकस हुकणं वेगळं. 1987च्या कॅनन 135 मिमी सॉफ्टफोकसमध्ये हा मऊपणा रिंगने बदलतो, बंदही होतो. लग्नसराईच्या कमाईतून लेन्स घेणार असाल, तर हेच आधी तपासा. गिऱ्हाइकाला नवरीचा चेहरा लख्खही हवा असतो ना!