टाटाला नेलंय

आमच्या गावात कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘त्यांना टाटाला नेलंय,’ एवढंच म्हणतात आणि ऐकणारा गप्प होतो. बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला तेव्हा आमच्याबद्दलही गाव तेच बोललं.

परळला बाबांच्या नंबराची वाट बघत बसले असताना मला त्या इमारतीचा इतिहास शोधायचा नाद लागला. १९३१ साली मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने परदेशात वारल्या. पती दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने रक्ताच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी ट्रस्ट काढला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे दोराबजींच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल सुरू केलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. समोरच्या रस्त्याला नाव आहे इथलेच सर्जन डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं.

हा झाला उपचारांचा इतिहास. पण रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज काही मिनिटं, असं कित्येक आठवडे. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र मुंबईत काढायची कुठे?

याचं उत्तर वेगळ्याच इतिहासात सापडलं. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या, त्या यात्रेकरूंसाठी. स्वतःसाठी मात्र त्यांनी खोपटंही बांधलं नाही. दवाखान्याच्या दारातला माणूसही वाटसरूच, हे त्यांनी ओळखलं होतं, मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळही त्यांनी धर्मशाळा बांधली. १९५६ मध्ये ते गेले. दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या पेशंटना आसरा देते. आम्हालाही तिथेच जागा मिळाली.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं, “आमचा तोंडाचा. तुमचा कुठला?” जणू गावच विचारत होते! बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अन्ननलिकेचा.” घरी कधी न बोललेले बाबा त्या रात्री तासभर बोलत होते. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

बाबांच्या नाकातून नळी घातली तेव्हा माझे हात थरथरायचे. नांदेडकडच्या एका आजींनी मला जवळ बसवलं. “पेज दोनदा गाळ पोरी, नाहीतर नळी तुंबते. आणि वरून थोडं पाणी सोड.” नर्सनेही हेच सांगितलं होतं, पण भीतीने माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आजींकडून कळलं.

बाबा त्यानंतर दीड वर्ष जगले. गेल्या महिन्यात गावातल्या एका वहिनींचा रात्री फोन आला. “ह्यांना टाटाला न्यायचंय,” एवढंच म्हणून त्या थांबल्या.

मी विचारलं, “वहिनी, कॅन्सर कुठला आहे?”

मग त्या बोलायला लागल्या.